देवरामकाकांची सही

तलावाच्या पाळीवर आडवं पडून मातीला कान लावणारा माणूस मी एकच पाहिला, देवरामकाका. पाळीच्या पोटातून पाणी कुठे झिरपतंय, ते त्यांना ऐकू यायचं. चिचगडकडच्या आमच्या गावात ते पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ सोडायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. माझ्या दिराचं धान सुकायला लागलं तेव्हाही त्यांनी क्रम मोडला नाही. "पाण्याले नातं नाही समजत, सुमन," एवढंच म्हणाले.

मी त्यांची शेजारीण. पाणी समितीची सचिव झाले, तेव्हा बांधाबांधाने फिरवून त्यांनीच मला सगळं शिकवलं.

पुढे त्यांचा डावा कान बिघडला. "कानात पाट वाहून राहिला वो, बंदच नाही होत." घेरी यायची, तासन्‌तास उलट्या व्हायच्या. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. "कोणाले सांगू नको. काम जाईल माहं."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत, गावादेखत, ते पाळीवर झोकांड्या खात बसले आणि ओकले. लोक म्हणाले, मोहाची चढली. काका दारूला शिवत नव्हते.

बैठकीत अध्यक्षांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही शेजारच्या. खरं काय आहे?" काकांच्या जागी माझ्या दिराचं नाव सुचवलेलं होतं. मी मान खाली घालून ठराव लिहीत राहिले: 'दारू पिऊन कामात हयगय.'

तोवर काकांचा उजवा कानही मंदावला होता. माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय म्हणून राहिले हे?"

"काही नाही काका. थोडे दिवस आराम करा म्हणतात. इथं सही करा."

चष्मा घरी राहिला होता. मी बोट ठेवलं, तिथे त्यांनी सही केली.

नंतर केशोरी गावात दिलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतल्या भागाचा आजार आहे. त्यात ऐकणंही जातं आणि तोलही. ठराव मुलीनेच त्यांना वाचून दाखवला. भिंत धरत धरत काका माझ्या दारात आले.

"मले ऐकू येत नव्हतं, म्हणून तुले पुसलो ना वो."

"चुकलं काका."

त्यांनी कान पुढे केला. "काय?"

"चुकलं माझं!" मी ओरडले. गल्लीतली माणसं बाहेर आली.

"एवढा आवाज त्या दिवशी कुठी होता?" म्हणाले आणि वळले.

पुढच्या बैठकीत मी तो ठराव रद्द करा म्हटलं. "जुनं कायले उकरता वहिनी?" नवा पाणकर, माझा दीर, म्हणाला. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

काका मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा मी बसथांब्यावर गेले. मुलगी पिशव्या घेऊन आधी चढली होती. पायरीवर काकांचा तोल गेला. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला म्हणाले, "माय, जरा हात दे."