हाफा डे

आमच्या साडूंइतका तयारीचा प्रवासी अख्ख्या सिंगापुरात झाला नाही. नोकरी तुआसच्या यार्डात जहाजं दुरुस्त करण्याची. पण वुडलँड्सच्या फ्लॅटमधून नुसतं सेंतोसाला निघाले तरी पिशवीत मेतकूट, सुतळी आणि स्क्रू ड्रायव्हर असायचा. "बेट म्हणजे चारी बाजूंनी दुकान नाही," म्हणायचे. आपण राहतो तेही बेटच, हे सांगून उपयोग नसे.

सासूबाई पुण्यात वारल्या तेव्हा मेहुणी वेळेवर पोचू शकली नाही, आणि तिचं हसणंच थांबलं. त्याच वर्षी साडूंनी प्रशांत महासागरातल्या ग्वामची टूम काढली. लायब्ररीतून पुस्तकं आणून तिथल्या मूळच्या चामोरो लोकांचा इतिहास आम्हाला जेवताना वाढू लागले. त्यांचे पुरातन दगडी खांब, डोक्यावर वाटीसारखा दगड, त्याला लाट्टे म्हणतात. ते ओळंब्यात, म्हणजे सरळ उभे, आहेत का पाहायला साडूंनी ओळंबाही घेतला. त्यांची सिंगापुरात वाढलेली मुलगी म्हणाली, "बाबा, बीचला चाललाय लाह, इन्स्पेक्शनला नाही."

आम्ही दोन्ही जोडपी ग्वामला उतरलो. एका मुलीने साडूंच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली आणि म्हणाली, "हाफा डे." साडू ताठ झाले. "नो मॅडम, फुल डे. फाइव्ह डेज. लीव्ह सँक्शन्ड."

हाफा डे म्हणजे तिथला नमस्कार. मेहुणी ट्रॉलीला धरून हसली, डोळे पुसत हसली.

पुढे प्रत्येक गणपतीत हा किस्सा मी सांगत आलो. माझ्या किश्श्यात साडू रजेचा अर्जही काढून दाखवत. लोक त्यांना हॉकर सेंटरच्या जेवणाच्या रांगेत विचारत, "काय, आज हाफ डे?" साडू हसत.

आता ते नाहीत, म्हणून उरलेला अर्धा किस्सा सांगतो. तिथे किनाऱ्यावर बहिणी-बहिणी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. साडू लाट्टेला ओळंबा लावून बसले होते. मी 'हाफ डे' म्हणून चिडवलं, तर दोरीवरची नजर न काढता हळूच म्हणाले, "पुस्तकात पहिल्याच पानावर आहे हो तो शब्द. पण ती हसली ना? कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. त्यांना वेडं ठरवणं मात्र चालू ठेवलं.

साडूंच्या आधी मेहुणी गेली. त्यानंतरच्या गणपतीत कुणीतरी ग्वामची फर्माईश केली. मी साडूंकडे पाहिलं. साडूच पहिल्या रांगेतून म्हणाले, "सांगा हो साडूभाऊ. फक्त ती हसते तिथे जरा थांबा."