कॉपी होईपर्यंत

लग्नाच्या अल्बमांचं काम मी घरीच करते. फोटोग्राफर लोक हार्ड डिस्क आणून देतात, मी फोटो निवडते, पानं मांडते, रंग सारखे करते आणि पाठवून देते. आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या रांझी या वस्तीत वडिलांनी फॅक्टरीतून रिटायर होताना बांधलेलं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागच्या खोलीत आईची खाट. आई जाऊन बरेच महिने झाले होते, तरी खाट तिथंच होती. हलवायची म्हटलं तर दुसऱ्या बाजूनं धरायला कोणीतरी लागतं.

या कामात माणसं खूप भेटतात, पण सगळी फोटोतली. नवरीची मावशी कोण, रुसलेला काका कोण, कोणत्या पोरीनं बहिणीचे दागिने घातलेत, हे मला पानं लावता लावता कळतं. अल्बम गेला की ती माणसंही जातात. मग पुढचं लग्न.

त्या उन्हाळ्यात माझा डेस्कटॉप फार मंद झाला. सकाळी बटण दाबून मी भांडी घासून यायची, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. सदर बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं सांगितलं, "दीदी, मशीन ठीक है, बस हार्ड डिस्क बूढ़ी हो गई. एसएसडी डलवा लो." ही नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क चांगल्या कंपनीची मला परवडत नव्हती. त्यानं काचेखालून एक स्वस्तातली काढली, पत्त्यांच्या कॅटएवढी, हातात धरली तर आत काही आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणाला, घेऊन जा, तपासून बघा, नाही आवडली तर आठवड्याच्या आत परत आणा.

मग मी ती तपासत बसले. काम असं होतं की दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो त्यात ठेवायचे. गेले तर ते लोक परत थोडंच लग्न करणार. स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये एक फसवणूक असते, की जागा दाखवतात जास्त आणि असते कमी. भरायला लागलं की मागचं पुसलं जातं. म्हणून मी ती गळ्यापर्यंत भरली. एक अख्खं लग्न टाकलं, त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं. सुरुवातीला कॉपी अशी पळाली की मी खुर्चीतच सरळ झाले. थोड्या वेळानं एकदम मंदावली, अगदी जुन्या डिस्कसारखी. थांबून, थोडी विश्रांती देऊन पुन्हा सुरू केली की पुन्हा पळायची. म्हणजे दम थोडाच होता, पण खोटा नव्हता. मध्ये एकदा रांझीची लाइट गेली, कॉपी अर्धवट राहिली. लाइट आल्यावर मी जीव मुठीत धरून फोल्डर उघडले. आधीचे फोटो सगळे शाबूत होते. कुठलेही उघडून बघितले: हळद, वरात, विदाई. रडणारी नवरी स्पष्ट दिसत होती.

मग ती जुन्या डिस्कच्या जागी बसवली, आणि कॉम्प्युटर चालू व्हायला तर आता वेळच लागत नव्हता. बटण दाबून मी सवयीनं भांड्यांकडे जायला उठले आणि वळून बघितलं तर तो तयार होऊन बसलेला.

हे सगळं कोणाला तरी सांगावंसं वाटलं. आई असती तर तिला काही कळलं नसतं, पण तिनं "अच्छा, मग?" म्हणून विचारलं असतं. फोनवर एक ग्रूप आहे, आमच्या शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यांचा. कोण काय विकतंय, कोणाचं काय बिघडलंय असं चालतं त्यावर. मी तिथं लिहायला बसले. आदल्या दिवशी पुण्याच्या भावाला आईच्या श्राद्धाबद्दल मराठीत लिहिलं होतं, तेच डोक्यात होतं की काय कोण जाणे, मी सगळं मराठीतच लिहून टाकलं. बरंच लांब. पाठवल्यावर लक्षात आलं. लगेच कोणीतरी विचारलं, "दीदी, हिंदी में लिखिए ना, आधा समझ में आया." दुसऱ्या एकानं हसणारे चेहरे टाकले. मला ओशाळल्यासारखं झालं. मी ते काढलं आणि हिंदीत चार ओळी लिहिल्या: घरच्या वापराला चांगली आहे, मोठ्या फाइली टाकाल तर धीर धरा.

संध्याकाळी एक वेगळा मेसेज आला, अनोळखी नंबरवरून.

"ताई, पहिलं लिहिलेलं काहून काढलं? मी ते वाचून राहिलो होतो."

मी तो कितीदा तरी वाचला. मग विचारलं, आपण कोण? उत्तर आलं की ते सदरला राहतात, सिविल लाइंसच्या एका सरकारी कचेरीतून नकाशे काढायच्या कामावरून रिटायर झालेत, आणि मी जिच्याबद्दल लिहिलं तसलीच एसएसडी मुलीनं इंदूरहून पाठवलेली त्यांच्याकडे पडून आहे. "खोलायची हिंमत होत नाही. जुनं सगळं जाईल असं वाटते." ती कशी बसवायची ते मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं. त्यांनी लिहिलं, "समजलं. पण हिंमत होत नाही ती नाहीच." मग मीच म्हटलं, दुकानातून काही आणायचं आहे, त्या बाजूला येईन तेव्हा लावून देते.

दुकानातून आणायचं काहीच नव्हतं.

सदरच्या बाजाराच्या मागे, जिथं दुकानं संपतात, तिथं त्यांचं घर होतं. दार त्यांनीच उघडलं. इस्त्री केलेला शर्ट, दाढी नुकतीच केलेली, कानाशी साबण राहिलेला. म्हणाले, "या. बसने आलात? ऊन किती आहे. मी तर सकाळपासून पाहून राहिलो."

कॉम्प्युटर खिडकीशी होता, वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्याच्यावर पुन्हा एक टॉवेल. मी बाजूची पट्टी काढून आतली धूळ पुसली, नवी ड्राइव्ह जोडली आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायला लावलं. जुनी डिस्क फार थकलेली होती. पडद्यावरची पट्टी जागची हलेना.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"काका, सांगता नाही येत. दुपार जाईल. मी लावून ठेवते आणि उद्या..."

"नाही नाही, बसा ना," ते घाईनं म्हणाले. "मध्येच काही झालं तर मला समजणार नाही."

तर मी बसले. त्यांनी पोहे केले होते, झाकून ठेवलेले, गार झालेले. ते त्यांनी पुन्हा गरम केले आणि दोन बशांत घातले. पहिल्यांदा आम्हाला बोलायलाच जमेना. मी वाक्य मराठीत सुरू करायची आणि अर्ध्यात हिंदीत घसरायची. तेही. मग दोघंही थांबायचो. शेवटी ते हसले. "सवय गेली. ही होती तोपर्यंत घरात दुसरं काही बोललंच नाही. आता दूधवाला हिंदी, कामवाली हिंदी, मुलगी फोनवर हिंदी. तिला मराठी समजते सगळं, पण बोलत नाही. नातू तर मला नानाजी म्हणतो."

"माझा भाचाही," मी म्हटलं. "पुण्यात राहून हिंदीच बोलतो माझ्याशी. त्याला वाटतं आत्याला मराठी येत नाही."

या डिस्कवर असं काय आहे ज्याची एवढी काळजी, ते मी विचारलं. ते जरा संकोचले. मग म्हणाले, "कोडी."

ते मराठी शब्दकोडी तयार करायचे. नकाशे काढायचा हात, त्यामुळे चौकटी आखायचं वेड होतं. रोज एक कोडं करून छापायचे आणि जेवणानंतर बायकोसमोर ठेवायचे. ती सोडवायची, चुका काढायची. ती गेल्यावरही ते कोडी करतच राहिले. "सोडवायला कोणी नाही. माझी मला उत्तरं माहीत. पण सकाळी काय करायचं मग?"

छापलेलं एक कोडं त्यांनी कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवलं, पेन्सिल दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे मला अवघडल्यासारखं होऊ नये. मला ते फारसं येत नव्हतं. सोपे शब्द भरले. एका ठिकाणी अडले: पाण्याचे हंडे-कळशा ठेवायची लाकडी चौकट, चार अक्षरं. शब्द ओठांवर होता. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये होती ती, मोरीच्या बाजूला. आई मला ओरडायची, तिच्यावर चढू नको म्हणून. आईचा आवाज आठवला, ओरडणं आठवलं, शब्द तेवढा येईना.

"काका, पहिलं अक्षर सांगा."

"घ."

"घडवंची," मी म्हटलं. हा शब्द आई गेल्यापासून मी ऐकला नव्हता. तिच्या आधीही किती वर्षं, कोण जाणे. मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला.

"हिलाही तो शब्द फार आवडायचा," एवढंच म्हणाले.

ऊन कलल्यावर कॉपी पूर्ण झाली. जुनी डिस्क काढून मी नवी तिच्या जागी बसवली आणि बटण दाबलं. पटकन सगळं पडद्यावर आलं. त्यांची कोडी जिथल्या तिथं होती. त्यांनी दोनचार उघडून बघितली, बंद केली.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"इतक्यात?"

परतताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. मनात येत होतं की काही अडलं तर ते फोन करतील. नवीन ड्राइव्ह आहे, पहिल्या दिवसांत काही ना काही होतंच. मी त्यांना तसं सांगूनही आले होते.

फोन आला नाही. एसएसडी चांगली निघाली. माझीही चालत होती, त्यांचीही चालत असणार. कधीमधी मेसेज लिहायला घ्यायची, पण काय लिहायचं ते समजत नव्हतं. चांगल्या चाललेल्या कॉम्प्युटरबद्दल विचारायचं तरी काय? श्राद्ध झालं, पाऊस येऊन गेला, लग्नांची कामं पुन्हा सुरू झाली. त्या एका दुपारी मी किती बोलले होते ते आठवून मला कधी बरं वाटायचं, कधी लाज वाटायची.

दिवाळीनंतर मीच फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, पण मागे पोरांचा गोंधळ होता.

"इंदूरला आलो ताई, मुलीकडे. पायाला लागलं होतं. आता ती जाऊ नाही देत."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो तिथंच. झाकून आलो. इथं जागा कुठे? नातवाचा लॅपटॉप आहे, त्यावर मराठी टाइप होत नाही मला."

"मग कोडी?"

"नाही करून राहिलो सध्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, एक सांगते. अशी ड्राइव्ह फार दिवस बिना लाइटची पडून राहिली तर तिच्यातलं लिहिलेलं पुसट व्हायची भीती असते, त्यातून ती स्वस्तातली. होईलच असं नाही, पण अधूनमधून चालू केलेली बरी. हे खोटं नव्हतं. पण त्यांची सगळी कोडी एका छोट्या पेनड्राइव्हवर मावली असती, हेही मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. त्यांनीही, इतका हिशेबी माणूस, विचारलं नाही.

ते म्हणाले, "चाबी शेजारच्या भाभीजींकडे आहे. तुम्हाला त्रास होईल..."

"त्रास कसला. सदरला येतच असते मी."

तेव्हापासून मी जाते. ठरलेला वार नाही. एखादा अल्बम संपला आणि दुसरा आलेला नसला की. भाभीजी चावी देताना विचारतात, "अंकल कब आ रहे हैं?" मी म्हणते, पता नहीं. घरात शिरल्यावर आधी खिडकी उघडते. बंद घराचा वास जरा निवळतो. कव्हर काढते, बटण दाबते. तो लगेच तयार होतो. मला तिथं काहीच काम नसतं. त्यांच्या खुर्चीवर मी बसत नाही. पोहे खाताना बसले होते त्या स्टुलावर बसते आणि फोन लावते.

"झाला काका चालू."

"झाला? बरं. मग थोडा वेळ राहू द्या ना तसाच," ते म्हणतात. "पोहोचलात कशा, बस भेटली?"

मग मी सांगायला लागते. मध्येच हिंदीत घसरते, ते "हं" म्हणून थांबतात, आणि मी शब्द शोधते.