‘करलं’चं ‘केलं’

एफ्रम लार्टर इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं खिळे जुळवणारेही कबूल करत. खेड्यातून आला तेव्हा त्याची बोली आईचीच होती. तो ‘मी करलं’ म्हणाला की सगळा छापखाना हसायचा. “ए करल्या!” अशी हाक मारायचे. दोन वर्षांत त्याने ती बोली जिभेवरून खरवडून काढली.

त्याच्या आईला, केझायाला, वाचता येत नव्हतं. एका हिवाळ्यात मिस ॲन्सली नावाच्या लेखिकाबाई तिच्याकडे राहायला आल्या. शेकोटीपाशी बसून तिचं बोलणं वहीत उतरवून घ्यायच्या.

“माझं बोलनं पुस्तकात येनार!” केझाया गावभर सांगत सुटली. “जसंच्या तसं, बरं का. बाईनं वचन देल्लंय.”

कादंबरी छपाईला आली ती एफ्रमच्याच टेबलावर. बाई तेव्हा इटलीत होत्या, त्यामुळे शेवटची मुद्रितं त्यांनी पाहिली नाहीत. तिसऱ्या प्रकरणात आई बोलू लागली. ‘बर्फानं दार बुजलं व्हतं, तवा मी काय करलं...’

पलीकडे कुणीतरी हसलं. कशाला ते कळलं नाही. एफ्रमचे कान तापले. त्याने लेखणी उचलली. ‘करलं’चं ‘केलं’. ‘देल्लं’चं ‘दिलं’. ‘व्हतं’चं ‘होतं’. गोष्टीला हात लावला नाही, फक्त आईचा शब्द न् शब्द शुद्ध केला.

पुस्तक गावात पोचलं, त्या रविवारी तो घरी होता. शेजारच्या मिसेस बन मोठ्याने वाचू लागल्या. केझाया धुतलेला एप्रन बांधून बसली होती. थोड्या वेळाने तिने हात वर केला.

“थांब गं. हे कोन बोलतंय?”

“तूच की! नाव तेवढं बदललंय. घर तुझं, कोंबड्या तुझ्या.”

“कोंबड्या माझ्या. बोलतीय पाद्र्याची बायको.”

“छापल्यावर शिकलीस गं, केझाया!”

केझाया हसली नाही. “लाज वाटली आसंल बाईला, माझ्या बोलन्याची. तोंडावर बोलली नाय, येवढंच.”

खरं काय ते एफ्रमच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने चहाचा घोट घेतला.

पुढच्या रविवारी आईने त्याच्यापुढे मासे आणि उकडलेल्या पिठाचे गोळे असलेली ताटली ठेवली. “हेरिंग मी... तळले आहेत. डंपलिंगही...” ती थांबली. “केले आहेत.”

“आई, अशी काय बोलतेस?”

“नीट बोलते आहे. तुला बरं वाटेल.”

मग दर रविवारी तेच. वाक्य शेवटाला आलं की ती अडखळायची, शब्द चाचपायची. पुष्कळदा वाक्य तिथेच सोडून द्यायची. गोष्टी तर बंदच झाल्या.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. तिच्याच बोलीत सांगावं, म्हणजे तिला पटेल, असं त्याला वाटलं.

“आई, त्ये मी करलं. पुस्तकातलं.”

तिचा चेहरा लाल झाला. “तूसुद्धा मला हसतोस?” मग हळूच म्हणाली, “‘केलं’ म्हणावं.”

“हसत नाही गं. मीच खोडलं ते सगळं. बाईंनी नाही.”

ती बराच वेळ टेबलावरचं कापड हाताने सारखं करत राहिली.

“बरं केलंस,” ती म्हणाली. कुठेही अडखळली नाही.

इटलीहून बाईंचं पत्र आलं. ते तिने कुणाला वाचून दाखवू दिलं नाही. त्यानंतर ती चार हिवाळे जगली आणि मुलाशी बोलताना एकदाही चुकली नाही.