घंटी वाजली की हात वर!

घाबरवणाऱ्या कामात किस्से लवकर साचतात. घाम पुसून झाला की माणूस दुसरं करणार तरी काय, हसतो! आमच्या यवतमाळच्या ऑफिसात हसायला तिघंच: सर, राठोड आणि मी.

आम्ही तालुक्यातालुक्यांतल्या लॅबचे रिपोर्ट सांभाळतो. सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या छोट्या छोट्या डब्यांत चालतं. डब्यांच्या त्या ताफ्याला, म्हणजे क्लस्टरला, लागणारे पासवर्ड एका ऑनलाइन तिजोरीत असतात. नको त्यानं त्यातलं काही वाचलं की घंटी वाजते. ती घंटी मी बसवली, त्यामुळे माझा जीव तिच्यातच अडकलेला!

*

पहिल्यांदा वाजली तेव्हा सर ओरडले, "कोणी वाचलं?" राठोड म्हणे मी नाही, मी म्हणे मी नाही. सर म्हणाले, "बरं, मग मीच वाचलं असेल!" त्या दिवसापासून नियम झाला. घंटी वाजली की कीबोर्ड सोडायचा आणि हात वर. तरीही वाजत राहिली, तर समजायचं की बाहेरचा कोणी आहे.

राठोडनं हे फारच मनावर घेतलं. एकदा घंटी वाजली तेव्हा त्याच्या हातात बशीभर गरम चहा. हात वर! चहा थेट डोक्यावर.

"अरे, बशी ठेवायची होती ना!"

"ठेवाले हात खाली नेला असता, त तुम्हीच म्हणले असते का राठोड टाइप करून राह्यला!"

*

मग मी तिजोरीत एक खोटा पासवर्ड ठेवला. आमिष! तो कोणत्याच डब्याला लागत नाही, म्हणजे त्याला हात लावेल तो चोरच.

लक्ष्मीपूजनाला मी दारात रांगोळी काढत होते, तर फोन ठणाणा. आमिषाला हात लागला! तशाच रंगलेल्या हातांनी स्कूटी काढली आणि ऑफिसात धडकले. तर सर लॅपटॉपला हळदकुंकू वाहून बसलेले! स्क्रीनवर तिजोरी सताड उघडी, आणि एकेक पासवर्ड उघडून अक्षता टाकणं चाललेलं.

"सर, हे काय?"

"आजच्या दिवशी तिजोरी बंद ठेवतात का कुठं, वैशाली?"

रडावं की हसावं! मी प्रसादाचे बत्तासे घेतले आणि घरी आले.

*

झरी जामणीच्या लॅबसाठी राठोडनं नवा डबा चढवला आणि घंटीला कळवलंच नाही. तो बिचारा डबा आपला हक्काचा पासवर्ड मागतोय, आणि घंटी त्याला चोर समजून बोंबलतेय! हात वर, हात खाली, पुन्हा वर. व्यायामच झाला! घंटीचा मेसेज त्या लॅबलाही जातो, त्यामुळे वर तिथल्या डॉक्टरांचा फोन, "आमचे रिपोर्ट फुटले का हो?"

सर खवळले. "लांडगा आला रे आला! आता एकदा जरी खोटी वाजली, तर ही घंटी कायमची बंद."

संध्याकाळी जिन्यात राठोडनं मला गाठलं. "ताई, घंटी बंद होऊ देऊ नका बरं. माह्या बहिणीचा टीबीचा रिपोर्ट हाय आपल्याकडं, फुलसावंगीच्या लॅबचा. बरी झाली ते, पण आता सोयरीक जमली हाय. तांड्यात कळलं त बरी झाली म्हणून कोण ऐकते?"

मी हो म्हणाले. पण मला तरी कुठं खात्री होती! तेव्हापासून सायकलची घंटी ऐकली तरी माझे हात वर जातात.

*

परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तिघांचेही लॅपटॉप मिटलेले. भिंतीवरच्या स्क्रीनची घंटी वाजली. आमिष!

तिघांचे हात वर, बोटांना पिठलं.

"सर, पूजा वगैरे?"

"नाही गं!"

"राठोड, नवा डबा?"

"नाही ताई, मायची आन!"

"मग खोटीच असेल," सर म्हणाले. "बंद करून टाक ती." म्हणाले खरं, पण त्यांचे स्वतःचे हात काही खाली येईनात.

घंटी पुन्हा वाजली. या वेळी आमिष नव्हतं, स्क्रीनवर एका खऱ्या लॅबच्या पासवर्डचं नाव आलं, आणि राठोडनं ते वाचलं.

"ताई, हात त आपले तिघांचेही वर हायेत ना?"

"हो."

"मंग फुलसावंगी कोण उघडून राह्यलं?"