बसस्टँडसमोरचे वीस सेकंद

आज लेन्सची चामडी डबी उघडली अन् बुरशी लागू नये म्हणून ठेवलेल्या कापराचा वास आला. हिंगोलीतल्या बंद पडलेल्या एका स्टुडिओतून ही जुनी लेन्स मी घेतली होती. त्या वासासरशी, हीच लेन्स लावून फोटो काढले ती पंधरा वर्षांपूर्वीची रात्र आठवली.

मला रात्री रस्त्यावरच्या दिव्यांचे फोटो काढायचे होते आणि आई एकटीला सोडेना. बाबा दिवसभर एसटी चालवून आलेले. मी फोटोग्राफीचा नाद सोडून डी.एड. करावं, असंच त्यांचं म्हणणं. तरी चहा पिऊन ते सोबत निघाले. बसस्टँडसमोर मी त्यांनाच उभं केलं. कॅमेरा तिपाईवर लावला; अंधारात शटर वीस सेकंद उघडं ठेवायचं होतं.

"वीस सेकंद हालायचं न्हाई, बाबा."

"श्वास तरी घेऊ का न्हाई?"

मागून बस गेल्या. फोटोत बसच्या जागी लाल-पिवळ्या रेघा उमटल्या, जुन्या काचेमुळे प्रत्येक दिव्याभोवती मऊ तेज पसरलं, आणि मधोमध बाबा, स्थिर. तेव्हा वाटलं, ते राखणीला आलेत. आज कळतं, थकलेले पाय त्यांनी माझ्यासाठी रोखून धरले होते.

"आता तू उभी राय. मला शिकव," ते म्हणाले.

तिपाईला धक्का लागून त्यांनी काढलेला फोटो पार हलला. मग मी काढलेला फोटो त्यांनी पुन्हा उघडून पाहिला.

"हे शिकवणारं कालेज पुण्यात हाय म्हणत होतीस ना? फारम कधी निघतात?"