बुस्तामीच्या घोडीचा साज

बुकिटिंगीतल्या आमच्या अड्ड्यावर बुस्तामीचा टांगा सगळ्यांत देखणा. घोडीचा साज इतका तुकतुकीत, की गिऱ्हाइकं हात लावून बघायची. कौतुक बुस्तामीचं व्हायचं, राबायची त्याची बायको युलिस्मा. दर शुक्रवारी तो मशिदीत गेला की ती मागच्या पडवीत लगाम, तंग, पट्टे सगळं सोडवून बसायची.

गेल्या साली ती तापानं चार दिवसांत गेली. आमच्यात घर बायकोच्या माहेरचं असतं, नवरा तिथे राहायला येतो. चाळिसावा दिवस झाला आणि बुस्तामी कपड्यांची पिशवी नि घोडी घेऊन स्वतःच्या बहिणीकडे राहायला गेला. जा असं कुणी म्हटलं नव्हतं; थांब असंही कुणी म्हटलं नाही. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर येऊन रांगेत उभा राहिला.

"काही वाटतच नाही," मला म्हणाला. "दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं."

दमट हवेनं साजावर पांढरी बुरशी चढली. मी म्हटलं, "घोडीच्या आधी तिचे पट्टेच पिकले की रे."

"असू दे."

एका सकाळी खालच्या बाजाराच्या उतारावर घोडीच्या मागचा, गाडीचा भार तोलून धरणारा पट्टा तुटला. गाडी तिच्यावर रेटली गेली, घोडी मागच्या पायांवर बसली, तिचे गुडघे सोलवटले. टांग्यात बसलेली टोमॅटोवाली बाई रस्त्यावर पडली, तिचं मनगट मुरगळलं. बुस्तामीनं तिला उठवलं, माफी मागितली, टोमॅटो वेचून दिले. मी तुटका पट्टा पाहिला. वरून धड होता. बक्कलाखाली, घडीत, वाळून चिरलेला.

त्या दुपारी तो साज घेऊन युलिस्माच्या घरी गेला. दारात मेव्हणी अस्निदार होती.

"उदा, आत या ना," ती म्हणाली; आमच्यात थोरल्या भावाला उदा म्हणतात.

"नको. युलिस्मा पट्ट्यांना काय लावायची?"

"तीस वर्षं मिरवलंत, एकदाही विचारलं नाहीत तिला?"

"नाही."

अस्निदारनं चरबी नि मेण कढवून भरलेला डबा आणला, त्याला पडवीत बसवलं. "फडकं घट्ट पिळा. साबणाचा नुसता फेस घ्या. उन्हात वाळवायचं नाही. आणि आधी बक्कलं सोडा. ती तशीच ठेवून पुसणं म्हणजे तोंड धुतलं नि मान राहिली."

तो पुसत राहिला. हात चालत होते, आत काही हलत नव्हतं, असं त्यानंच मला सांगितलं. अस्निदार शेजारी बसून रडू लागली. त्यानं तिला कोरडं फडकं दिलं आणि पुढचं बक्कल सोडलं.

नवा पट्टा शिवून घेतला. घोडीचे गुडघे भरून आल्यावर ती पुन्हा जुंपली. आता दर शुक्रवारी नमाजानंतर तो त्या पडवीत साज घेऊन बसतो. अस्निदार कॉफी ठेवून आत जाते. साजाला पूर्वीची चकाकी नाही, पण कातडं मऊ आहे.

परवा मी विचारलं, "आता काही वाटतं का?"

तो म्हणाला, "कंबर दुखते, खाली बसून."