अहिरे सिस्टरांचा इलाज

बंद पडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं की अहिरे सिस्टर आधी त्याच्यावर तळहात ठेवायच्या. ऊब लागली की म्हणायच्या, "जित्ता शे!" म्हणजे जिवंत आहे. माहेर सटाण्याकडचं, सगळी नोकरी नाशकातल्या दवाखान्यात. निवृत्तीनंतर त्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत. परदेशातल्या मुलाशी बोलण्यापुरता कॉम्प्युटर शिकल्या आणि मग हौसेनं त्यातच रमल्या. इमारतीत कोणाचाही लॅपटॉप बिघडला की तो त्यांच्याकडेच यायचा.

माझी नोकरी गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी एक मुलाखत आली, तीही ऑनलाइन. नेमका त्याच सकाळी लॅपटॉपनं अपडेट घेतला. पासवर्ड टाकला की स्क्रीन गोठायची, बाणसुद्धा हलेना. रडकुंडीला येऊन मी खाली धावले. "सिस्टर, सगळं पुसून नव्यानं टाकू या का?"

"खोकला झाला म्हणून कोणी फुप्फुस काढतं का गं? कालपर्यंत बरा होता ना? मग आज पोटात काय गेलं ते बघू."

माउस, पेनड्राइव्ह, सगळं काढून पाहिलं, तरी अडकलाच. मग शिफ्टचं बटण दाबून धरत त्यांनी तो रीस्टार्ट केला. निळ्या स्क्रीनवर पर्याय आले, त्यातून शेवटचा अपडेट काढायला लावला. "आता त्याच्या उशाशी बसू नको. जा, केस विंचरून ये."

मी परतले तरी चक्र फिरतच होतं आणि मुलाखतीची वेळ झाली होती. सिस्टरांनी स्वतःचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून माझ्यामागची मेथीची जुडी उचलली आणि माझा लॅपटॉप घेऊन आत गेल्या.

मुलाखत रंगात आली आणि आतून आरोळी आली, "उठला गं, उठला!"

समोरचे साहेब दचकले. "घरात कोणी आजारी आहे का?"

"होतं, सर. आता बरं आहे."

सगळी हकिकत ऐकून ते पोट धरून हसले. नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा सिस्टर सटाण्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाला अख्खी इमारत खाली उतरली होती. मी म्हटलं, "आता आम्ही कोणाकडे जायचं?"

"अगं, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला तरी कुठं काय येत होतं?" गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या. "तुमचेच लॅपटॉप बिघडवत बिघडवत शिकले मी!"

 गाडी निघाली, तेव्हा त्या मागच्या काचेतून खो खो हसत हात हलवत होत्या.